काळ्याची आवड: गॉथ कपडे आपल्या हवेत आणि आपल्या घरात कसे जमवायचे?

निशिगंधा_पिंपरी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते. हा विषय बरेच दिवस मनात आहे म्हणून धागा काढतेय.

मला काळे कपडे आवडतात. नुसते काळे नाहीत, गॉथ पद्धतीचे. पायघोळ घेरदार स्कर्ट, लेसच्या बाह्या, गळ्यालगत बसणारा पट्टा, जाड चांदीचे दागिने, डोळ्यांत ठळक काजळ. कॉलेजात असताना सूझी अँड द बॅन्शीज आणि बाउहाउस हे इंग्लिश बँड ऐकायला लागले आणि तिथून कपड्यांकडे वळले. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1970च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पंकमधून एक वेगळं, गडद सुरांचं संगीत निघालं. 1982 मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह नावाचा क्लब सुरू झाला. तिथे जमणाऱ्या मुलामुलींचा जो वेश होता, त्यातून गॉथ कपड्यांची बरीचशी ओळख घडली. मला त्यातलं सगळ्यात जास्त काय भावलं सांगू? ती मुलं हे कपडे दुकानातून तयार घेत नव्हती. जुन्या बाजारातले कोट, जाळीचे मोजे कापून केलेल्या बाह्या, हाताने लावलेल्या लेस आणि साखळ्या. जे हाताशी होतं त्यातून त्यांनी स्वतःला हवं तसं रूप केलं.

आता माझी अडचण. मी हिंजवडीत नोकरी करते, घरी आईबाबा आणि आजी. ऑनलाइन 'गॉथ' म्हणून जे मिळतं ते बहुतेक पॉलिएस्टर असतं. मार्च उजाडला की ते अंगाला चिकटतं आणि शिवण तर दोन धुण्यांत उसवते. शिवाय तो पूर्ण संच अंगावर चढवला की आरशात मी दिसत नाही, कुणाचा तरी फोटो दिसतो. घरी काळ्याला विरोध आहे, विशेषतः लग्नकार्यात. मला ही आवड सोडायची नाही आणि घरच्यांना दुखवायचंही नाही. कापड कुठलं घ्यावं, शिवून कसं घ्यावं, आणि यातलं माझं कुठलं आणि उसनं कुठलं हे कसं ओळखावं? ज्यांनी आपली अशी वेगळी शैली घडवली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

उरेबपट्टी

निशिगंधा, मी साताऱ्यात शिवणकाम करते. शैलीचं बाकीचे सांगतील, मी कापडाचं आणि शिवणीचं सांगते. माझ्या मते सुरुवात तिथूनच होते.

पॉलिएस्टर पूर्ण सोड. मलमल अंगालगत पडते, कॅम्ब्रिक जरा उभं राहतं, खादीला वजन असतं. बाह्या आणि वरच्या थरासाठी मलमल घे. घेराच्या स्कर्टला कॅम्ब्रिक किंवा बारीक पोताची खादी. हातमागाचं कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, आधी विचार, तो बऱ्याचदा कमी असतो. पण कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा पट्ट्या जोडून केलेला स्कर्ट करायचा तर कमी पन्ह्याचं काही अडत नाही. एक कळी सुलटी, एक उलटी मांडून कापली की कापड फार वाया जात नाही. आणि कळ्यांच्या घेराला चुण्यांसारखा कमरेपाशी फुगवटा येत नाही. तुला जे हवं आहे, वर सपाट आणि खाली भरपूर, ते कळ्यांनीच साधेल.

आता काळ्या रंगाबद्दल. स्वस्त सुती कापडाला पुष्कळदा सल्फर ब्लॅक नावाचा रंग असतो. नवीन असताना तो चांगला दिसतो. पण दमट हवेत कापड वर्षानुवर्षं पडून राहिलं तर त्या रंगातल्या गंधकापासून हळूहळू आम्ल तयार होतं आणि सूत आतून कमजोर होतं. म्हणून जुन्या साठ्यातलं काळं कापड स्वस्तात मिळालं तर घेण्याआधी एक कोपरा दोन्ही हातांनी जोरात ताणून बघ. रिॲक्टिव्ह रंगाचं काळं महाग पडतं, पण टिकतं. कपडा उलटा करून गार पाण्यात धू आणि सावलीत वाळव. धुताना मीठ टाकून रंग पक्का होतो असं सगळ्याजणी सांगतात. तसं होत नाही. मिठाचा उपयोग रंगवण्याच्या वेळी असतो, रंगवून झाल्यावर नाही.

टेलरकडे जाताना नुसता फोटो नेऊ नकोस. तुला नीट बसणारा एखादा जुना कपडा सोबत ने आणि बोटाने दाखव: मुंढा (बाही जोडतात तो भाग) याच्यापेक्षा अर्धा इंच वर, बाही कोपरापर्यंत घट्ट आणि पुढे सैल, गळ्याला उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाची पट्टी. पहिला नमुना मांजरपाटात, म्हणजे स्वस्त कोऱ्या सुती कापडात शिवून घे. तो घालून बस, वाक, हात वर कर, जिना चढ. मग महागाच्या कापडाला कात्री लाव. अशा दोन-तीन नमुन्यांनंतर तुला आपोआप कळायला लागेल की तुला लेस आवडते की लेसमुळे झाकला जाणारा हात आवडतो. हे कळणं म्हणजेच आपली आवड कळणं. कितीही फोटो बघितले तरी ते त्यातून कळत नाही, अंगावर कापड ठेवूनच कळतं.

चलविद्युत

उकाड्याबद्दल एक भर. 1980 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात सिनाईच्या वाळवंटातल्या बदाऊनी लोकांच्या काळ्या झग्यांवर एक संशोधन आलं होतं. इतक्या उन्हात ते काळं का घालतात, हा प्रश्न होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषतो हे खरंच आहे. पण झगा सैल असल्यामुळे ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच निघून जाते. काळ्या आणि पांढऱ्या झग्यात माणसाच्या अंगाला लागणारी उष्णता सारखीच भरली.

आपल्याकडे मुंबई-कोकणात हवा दमट असल्यामुळे घाम वाळायला वेळ लागतो, तो हिशेब वेगळा. पण पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे लागू पडायला हरकत नाही. सैल काळं चालेल, घट्ट काळं नाही. त्यामुळे घट्ट कॉर्सेट आणि लेदरचा गॉथ प्रकार डिसेंबरसाठी ठेवा आणि बाकी वर्षभर पायघोळ, वाहते कपडे वापरा.

माई_वाईकर

अगं निशिगंधा, काळं आपल्याकडे अशुभ म्हणतात हे अर्धंच खरं आहे. तुझ्या आजीला एकदा चंद्रकळेबद्दल विचार.

संक्रांतीला काळी साडी नेसायची पद्धत आपल्या घराघरांत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी चंद्रकळा आणि वर हलव्याचे दागिने घालतात. काळ्यावर तो पांढरा शुभ्र हलवा असा उठून दिसतो की दुसऱ्या कुठल्या रंगावर दिसायचा नाही. बाळाचं बोरनहाण असतं तेव्हा त्यालाही काळंच झबलं. थंडीत काळं ऊब धरतं म्हणून ही पद्धत पडली असं आमच्या घरी सांगत. मंगळसूत्रात काळे मणी, बाळाच्या गालाला काळी तीट, डोळ्यांत काजळ, वारकऱ्याच्या कपाळी काळा बुक्का. आणि ज्याला डोळे भरून बघायला लाखो लोक पंढरपूरला चालत जातात तो विठोबा तर सावळाच!

तू आजीशी 'मला काळंच घालायचंय' असा वाद घालू नकोस. तिच्या ट्रंकेत एखादी काळी इरकल असेल तर ती मागून घे. काळ्या अंगाला गडद लाल काठ-पदर असलेली इरकल मी कितीदा नेसले आहे आणि मला कुणी कधी नाव ठेवलेलं नाही. लग्नात मात्र मी स्वतः काळं नेसत नाही, आणि तूही नेसू नकोस असंच म्हणेन. ज्यांचं कार्य आहे त्यांच्या मनाला लागेल असं एक दिवस टाळल्याने तुझी आवड कमी होत नाही. गडद जांभळा आहे, वांगी रंग आहे, काळपट हिरवा आहे.

रिव्हर्ब

धागा आवडला, पण माई आणि इतरांना आदराने सांगतो, इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय.

गॉथ ही आधी संगीताची संस्कृती आहे. कपडे नंतर. चंद्रकळा सुंदर आहे, पण ती गॉथ नाही, आणि ती नेसणाऱ्या बाईला कुणी गॉथ म्हटलेलं आवडणारही नाही. कुठल्याही काळ्या गोष्टीला ते नाव लावलं तर ज्या मुलांनी ते संगीत वाजवलं, ते क्लब चालवले, ज्यांनी रस्त्यावर मार खाल्ला, त्यांचं काहीच उरत नाही. पुण्यात मेटल ऐकणाऱ्या मुलांचंही हेच दुखणं आहे. मॉलमध्ये बँडच्या नावाचे टीशर्ट मिळतात आणि घालणाऱ्याने त्या बँडचं एकही गाणं ऐकलेलं नसतं.

निशिगंधा, तू संगीतातून आलीस हे चांगलं आहे. तो धागा सोडू नकोस. सिस्टर्स ऑफ मर्सी ऐक, कॉक्टो ट्विन्स ऐक. कपड्यांचं मग आपोआप सुचेल.

निशिगंधा_पिंपरी

@रिव्हर्ब, तुमचा मुद्दा पटतो. इरकलीला मी गॉथ म्हणणार नाही. पण मी पिंपरीत वाढले आहे, इंग्लंडमधल्या लीड्समध्ये नाही. तिथल्या मुलांनी त्यांच्या आज्यांच्या काळातल्या लेस आणि कोट घेतले, कारण त्यांच्या घरातल्या ट्रंकांत तेच होतं. माझ्या घरातल्या ट्रंकेत इरकल आणि खण आहेत. मी तिथल्या आजीची लेस पॉलिएस्टरमध्ये विकत घ्यायची आणि माझ्या आजीचा खण तसाच ठेवून द्यायचा, हे मला त्या मुलांच्या रीतीशी जास्त विसंगत वाटतं.

@माई, आजीला आज विचारते. @उरेबपट्टी, मांजरपाटाची कल्पना फारच आवडली.

तोक्योहून

मी बरीच वर्षं तोक्योत आहे, त्यामुळे तिथल्या हाराजुकू या भागाबद्दल लिहितो. निशिगंधाने आत्ता जे लिहिलं तेच तिथे प्रत्यक्ष घडलेलं आहे.

हाराजुकूमध्ये रविवारी एक मोठा रस्ता वाहनांना बंद असायचा आणि तिथे मुलं सजून जमायची. 1997 मध्ये शोइची आओकी या छायाचित्रकाराने तिथल्या मुलांचे फोटो छापणारं 'फ्रूट्स' नावाचं मासिक सुरू केलं. त्यात मॉडेल नव्हते, रस्त्यावर दिसलेली खरी मुलं होती. त्या फोटोंमध्ये जुना किमोनो आणि ओबी (किमोनोचा कमरपट्टा) पाश्चात्त्य जॅकेटवर, स्कर्टवर, जाड तळाच्या बुटांवर घातलेले दिसतात. जपानी आणि इंग्लिश अशी भिंत त्या मुलांनी मानलीच नाही. 2017 मध्ये आओकींनी मासिक बंद केलं, तेव्हा फोटो काढावेत अशी मुलं आता रस्त्यावर दिसत नाहीत असं कारण त्यांनी दिलं होतं. मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं. स्वस्त तयार कपड्यांच्या साखळी दुकानांनी तोवर सगळा परिसर भरून गेला होता.

जपानमध्ये गॉथचं स्वतंत्र रूप झालं, गॉथिक लोलिता. मालिस मिझर या बँडचा गिटारवादक माना याने 1999 मध्ये त्या धर्तीच्या कपड्यांचा स्वतःचा ब्रँड काढला. म्हणजे इथेही संगीत आणि कपडे हातात हात घालून आले, रिव्हर्ब यांचा मुद्दा इथेही खराच. या प्रकाराचे नियम मात्र कडक. स्कर्ट घंटेच्या आकाराचा, आत पेटीकोट, लांबी गुडघ्यापर्यंत, गळा बंद, डोक्यावर काहीतरी हवंच. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की एवढे नियम असतील तर यात स्वतःचं काय? पण मी जवळून पाहिलं आहे. नियम पक्के असले की लक्ष बारकाव्यांकडे जातं: मनगटाची लेस, बटणाचा आकार, मोज्यावरची नक्षी. तिथल्या मासिकांत कपडे बेतायचे नमुने छापून येत आणि मुली ते घरी शिवत. निशिगंधा, तूही स्वतःला दोनतीन नियम घालून बघ. उदाहरणार्थ, वर्षभर फक्त काळा, पांढरा आणि एक लाल. किंवा फक्त सुती. बघ काय होतं.

पायताण

मी कोल्हापूरचा. पुरुषांच्या बाजूने कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मी काळा लांब कुर्ता, काळं धोतर, हातात चांदीची कडी आणि डोळ्यांत काजळ घालतो. नातेवाइकांनी खूप बोलून झालं आहे. एका नोकरीच्या मुलाखतीत तर कामाबद्दल काहीही न विचारता काजळावरच अर्धा वेळ गेला. लागतं मनाला. बाईने वेगळं घातलं तर तिच्या चारित्र्यावर येतात, पुरुषाने घातलं तर त्याच्या पुरुषपणावर. दोन्हीकडे त्रास आहे, फक्त वेगळा.

पायात काय घालायचं हा प्रश्न गॉथ मुलांना फार पडतो. जाड तळाचे बूट आपल्या पावसात आणि उन्हात पाय शिजवतात. मी कोल्हापुरीच घालतो, काळी करून घेतलेली. आमच्याकडे कापशी, कुरुंदवाडी असे बरेच प्रकार आहेत. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, शिलाईही चामड्याच्याच वादीने. 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. कारागिराकडे जाऊन सांगितलं तर तळ जाड करून देतात, पट्टा रुंद करतात, बक्कल लावून देतात. दुकानातल्या तयार जोडापेक्षा जास्त पैसे पडतात आणि ते पडायलाच हवेत. त्या माणसाचा हात त्यात गेलेला असतो.

चांदीचं म्हणाल तर हुपरी आमच्या जवळच. पैंजणांसाठी प्रसिद्ध गाव. अंगठी, कडी, कानातलं ऑर्डरने करून घेता येतं. निशिगंधा, तू गळ्याचा पट्टा म्हणालीस. ठुशी किंवा चिंचपेटी चांदीत करून काळपट पॉलिश दे. गळ्यालगतच बसते आणि मागच्या गोंड्याने हवी तेवढी घट्ट-सैल होते.

एक_आई

मी या विषयात बसत नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. माझी मुलगी बारावीत आहे. गेल्या काही महिन्यांत तिने केस कापले, काळ्याशिवाय काही घालत नाही, खोलीचे पडदेसुद्धा काळे केले. मला भीती वाटते की ती आतून दुःखी आहे आणि हे त्याचं लक्षण आहे. तिला विचारलं तर चिडते. तुम्ही सगळे हे कपडे घालता म्हणून विचारते, मी काळजी करावी का?

लीड्सकर

@एक_आई, तुमची काळजी समजते. कपड्यांवरून मनाचं निदान होत नाही. काळ्या पडद्यांकडे नका बघू. ती नीट झोपते का, जेवते का, मैत्रिणींशी बोलते का, ज्या गोष्टी आवडायच्या त्यात अजून रमते का, हे बघा. यातलं काही बिघडलं असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला, मग तिने गुलाबी घातलं असलं तरी. आणि सगळं ठीक असेल तर एकदा तिच्याबरोबर बसून ती काय ऐकते ते ऐका. काही सुधारायला म्हणून नाही, नुसतं ऐका.

इंग्लंडमध्ये या वेशाची किंमत लोकांनी मोजली आहे, तेही सांगतो. 2007 मध्ये लँकेशायरमधल्या बेकप गावात सोफी लँकेस्टर नावाच्या वीस वर्षांच्या मुलीवर आणि तिच्या मित्रावर रात्री बागेत पोरांच्या टोळक्याने हल्ला केला. कारण एवढंच की ती दोघं गॉथ कपड्यांत होती. सोफी त्यात गेली. पुढे 2013 मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा वेशभूषेच्या गटांवरचे हल्ले द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली. इथे गॉथ लोकांमध्ये सोफीचं नाव घेतलं की अजूनही आवाज जड होतो. म्हणून 'काय ते फॅशनचं खूळ' असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

पण व्हिटबीलाही एकदा येऊन बघा. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचं छोटं गाव. 1994 पासून तिथे गॉथ मंडळींचा मेळा भरतो. साठी ओलांडलेले जोडीदार, कडेवर लहान मूल घेतलेली आई, चाकाच्या खुर्चीतली आजीबाई, सगळे काळ्यात, आणि गावातले लोक त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतात. या गावाचा आणि काळ्याचा संबंध जुनाच. इथल्या कड्यांत जेट नावाचा काळा चमकदार पदार्थ सापडतो. लाकूड कोट्यवधी वर्षं दबून तयार झालेला. 1861 मध्ये नवरा गेल्यावर व्हिक्टोरिया राणीने जन्मभर काळं घातलं आणि दुखवट्यात घालायचे जेटचे दागिने देशभर पसरले. आजच्या गॉथ दागिन्यांचं मूळ बरंचसं तिथे आहे. मला यातली माणसं म्हातारी होताना दिसतात हे फार महत्त्वाचं वाटतं. कॉलेजच्या वयात सुरू झालेली आवड साठीतही अंगावर आहे, फक्त टाच कमी झाली आहे.

एक_आई

@लीड्सकर, मनापासून आभार. झोप, जेवण ठीक आहे, मैत्रिणीही येतात. आज रात्री तिच्या खोलीत जाऊन बसते.

निशिगंधा_पिंपरी

सगळ्यांचे खूप आभार. आजीशी बोलले. तिच्याकडे काळी इरकल होती, शिवाय एक काळा खण निघाला, न शिवलेला. तिने तो बऱ्याच वर्षांपूर्वी ओटीत मिळालेला जपून ठेवला होता. म्हणाली, 'काप हवा तसा, पण वाया घालवू नकोस.' त्याचं मी बिनबाह्यांचं जाकीट करणार आहे, आत मलमलीचा लांब बाह्यांचा सदरा. आईचा विरोध पूर्ण गेलेला नाही. लग्नात नाही घालायचं एवढं मी कबूल केलं आणि बाकीच्या दिवशी तिने बोलायचं नाही हे तिने.

दोन प्रश्न. लेस आणि आयलेट (दोरी ओवायच्या भोकांच्या धातूच्या कड्या) पुण्यात कुठे चांगल्या मिळतील? आणि माझ्याकडे आजीच्या पांढऱ्या, विरलेल्या सुती साड्या आहेत. त्या घरी काळ्या रंगवता येतील का?

गल्लीबोळ

लेस, बटणं, बक्कल, आयलेटसाठी रविवार पेठ. सकाळी लवकर जा आणि कापडाचा तुकडा सोबत ने, दुकानात सगळे काळे सारखे दिसतात आणि उन्हात आणलं की एक निळसर आणि एक तपकिरी निघतो. जुने कोट, बक्कल, कुलपं-किल्ल्या, साखळ्यांसाठी रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार. मुंबईत कापडासाठी मंगलदास मार्केट आणि दादरचं हिंदमाता.

उरेबपट्टी

रंगवता येतील, आणि बाजारातला रंग न आणता. हिरडा आणि लोखंडाने काळं करायची रीत फार जुनी आहे. कलमकारीतली काळी रेघ अशाच लोखंडी पाण्याची असते.

गंजके खिळे किंवा लोखंडाचे तुकडे, गूळ आणि पाणी मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात घालून सैल झाकून ठेव. दोन-तीन आठवड्यांत ते आंबतं आणि पाणी काळपट होतं. वास येतो, म्हणून गच्चीत ठेव. साडी आधी साबण-सोड्यात उकळून खळ पूर्ण काढ. मग 100 ग्रॅम कापडाला 15 ते 20 ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात घालून त्यात भिजव, पिळून वाळव. कापड पिवळट होईल. नंतर गाळलेल्या लोखंडी पाण्यात काही मिनिटं बुडवून हलवत राहा, डोळ्यांदेखत ते करडं आणि मग काळं होत जातं. बाहेर काढून वाऱ्यावर धर, स्वच्छ धू. अजून गडद हवं तर हिरडा आणि लोखंड पुन्हा. पण लोखंड जास्त झालं तर सूत कमजोर होतं, आणि तुझ्या साड्या आधीच विरलेल्या आहेत. त्यामुळे दोनदाच कर, आणि आधी पदराच्या आतल्या कोपऱ्याचा तुकडा रंगवून बघ. मिळणारा काळा कोळशासारखा नसतो, पावसाळी ढगासारखा असतो. मला तर तोच जास्त आवडतो.

रिव्हर्ब

निशिगंधा, खणाचं जाकीट झालं की इथे फोटो टाक. माझं आधीचं मत अजून आहे, पण तू ट्रंकेबद्दल लिहिलंस त्यावर मी खूप विचार करतोय.

निशिगंधा_पिंपरी

नक्की टाकते. @उरेबपट्टी, एक शेवटचं. खणाचा पन्हा कमी आहे आणि काठ मला जाकिटाच्या पुढच्या कडेला उभा हवाय. पाठ एका तुकड्यात बसत नाही. जोड कुठे देऊ?

उरेबपट्टी

पाठीला मधोमध जोड दे, दोन्ही बाजूंची नक्षी जुळवून. खांद्यापासून कमरेपर्यंतच्या जोडात पाठीचा आकारही घेता येतो, वेगळे टक्स लागत नाहीत. पुढच्या दोन्ही भागांना काठ कडेला ठेवूनच काप, तिथे दुमडायचं नाही, काठाचीच कड राहू दे. अस्तर काळ्या मलमलीचं. शिवणीत एक इंच माया ठेव, पुढे सैल करावं लागलं तर उसवून करता येईल. आणि कापण्याआधी मांजरपाटाचा नमुना घालून बघ, खण एकच आहे.